ऑनलाइन वस्तू विकताय? पैसे पक्के कधी होतात, ते आधी समजून घ्या

जुना रोटाव्हेटर, पाच एचपीची मोटर, पोराची फटफटी, घरातला जादा फ्रीज. पूर्वी असं काही विकायचं म्हटलं की चार गावांत निरोप द्यावा लागायचा. आता फोटो काढला, ओएलएक्सवर नाहीतर फेसबुक मार्केटप्लेसवर टाकला, तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवला की तासाभरात फोन सुरू होतात. गिऱ्हाईक शेजारच्या तालुक्यातलं असतं, कधी दुसऱ्या जिल्ह्यातलं. भावही गावातल्यापेक्षा बरा मिळतो.

अडचण येते ती पैशाच्या वेळी. गावातलं गिऱ्हाईक रोख मोजून द्यायचं. ऑनलाइन गिऱ्हाईक म्हणतं, "फोनपे करतो", "चेक देतो", "निम्मे आता, निम्मे महिन्याने", "माझ्या मित्राच्या खात्यातून टाकतो". यातला प्रत्येक मार्ग खरा असू शकतो आणि प्रत्येक मार्गाने फसवणूकही होते. म्हणून नुसतं "रोख सोडून काही घेऊ नका" असं सांगून भागत नाही. दोन-तीन लाखांचा ट्रॅक्टर विकताना सगळी रोख घेणंच उलट कायद्यात बसत नाही.

घोडेगाव, लोणी, सांगोला इथल्या जनावरांच्या बाजारात जुनी रीत आहे. भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो, पण पैसे उघड्यावर मोजले जातात आणि मोजून झाल्याशिवाय दावं हातात दिलं जात नाही. ऑनलाइन सौद्यालाही हीच रीत लावायची. पैसे कोणत्याही मार्गाने येऊ द्या, एकच प्रश्न विचारायचा: हा पैसा पक्का माझा कधी होतो? तोपर्यंत दावं सोडायचं नाही.

यूपीआय: पैसे घ्यायला पिन लागत नाही

फोनपे, गुगल पे, पेटीएम, भीम ही सगळी ॲप यूपीआयवर चालतात. एनपीसीआय या संस्थेने २०१६ मध्ये ही पद्धत सुरू केली. पैसे लगेच येतात, घेणाऱ्याला कमिशन पडत नाही, त्यामुळे लहान-मध्यम सौद्याला हा मार्ग चांगलाच आहे.

पण एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना किंवा आपला बॅलन्स बघताना लागतो. पैसे घेताना पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही. क्यूआर कोड ज्याला पैसे पाहिजेत तो दाखवतो आणि ज्याला द्यायचेत तो स्कॅन करतो. तुम्ही विकणारे आहात, म्हणजे कोड तुमचा आणि स्कॅन गिऱ्हाईकाचं. उलटं झालं की समजायचं, पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत.

चोराची नेहमीची पद्धत अशी असते. फोन येतो, माणूस भाव न पाडता लगेच तयार होतो. मग सांगतो, "मी सैन्यात आहे, ड्युटीवर आहे, वस्तू न्यायला गाडी पाठवतो." गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र व्हॉट्सॲपवर येतं. विश्वास बसावा म्हणून आधी पाच-दहा रुपये खरोखर पाठवतो. नंतर एक क्यूआर कोड येतो: "काका, हा स्कॅन करा, पिन टाका, तुमचे पैसे जमा होतील. आमच्या खात्याचा नियम असाच आहे." असा नियम कुठल्याच खात्याचा नाही. पिन टाकला की पैसे गेले.

पूर्वी हेच काम पैशाची 'रिक्वेस्ट' पाठवूनही व्हायचं. एका माणसाने दुसऱ्या माणसाला यूपीआयवरून अशी रिक्वेस्ट पाठवायची सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. क्यूआर कोडची चाल मात्र अजून चालू आहे, कारण तिथे पिन आपण आपल्या हाताने टाकतो.

स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत

"केले बघा काका, हा घ्या स्क्रीनशॉट." हिरवी टिकली, तुमचं नाव, रक्कम, वेळ, सगळं बरोबर. पण स्क्रीनशॉट बनवता येतो. खऱ्यासारखीच दिसणारी खोटी पेमेंट ॲपही आहेत, ज्यात तुमच्यासमोर रक्कम टाकून 'यशस्वी' दाखवता येतं. बँकेसारखा मेसेजही दहा आकडी मोबाइल नंबरवरून पाठवता येतो.

म्हणून समोरच्याच्या मोबाइलमध्ये काय दिसतं ते बघायचं नाही. आपलं ॲप आपण उघडायचं, बॅलन्स बघायचा, आधी किती होता आणि आता किती झाला ते ताडून बघायचं. ॲप नसेल तर बँकेच्या मिस्ड कॉल नंबरवरून बॅलन्स मागवता येतो, नाहीतर पासबुक भरून घेता येतं. रेंज नसेल तर रेंज येईपर्यंत थांबायचं. गिऱ्हाईक खरं असेल तर चहा पिऊन थांबतं. घाई करणाऱ्याला वस्तू देण्याची घाई आपण करू नये.

याच्याच जोडीची दुसरी चाल म्हणजे "चुकून जास्त पाठवले". पाच हजार ठरले होते, मेसेज पन्नास हजारांचा येतो आणि लगेच फोन: "एक शून्य जास्त पडलं, पोराची फी भरायची आहे, बाकीचे परत टाका." बॅलन्स बघितला तर एक रुपयाही आलेला नसतो. आणि समजा खरोखर जास्त आले असतील, तरी फोनवर सांगितलेल्या नंबरवर परत पाठवायचे नाहीत. आपल्या बँकेच्या शाखेत जाऊन लेखी कळवायचं आणि बँकेमार्फतच परत करायचे.

मोठी रक्कम: एनईएफटी, आरटीजीएस, आयएमपीएस

यूपीआयवरून एका माणसाला दुसऱ्याला साधारण दिवसाला १ लाख रुपयांपर्यंत पाठवता येतात. नवीन मोबाइलवर यूपीआय सुरू केलं असेल तर पहिल्या २४ तासांत ही मर्यादा ५ हजारांची असते. त्यामुळे "आज लिमिट संपलं" हे गिऱ्हाईकाचं म्हणणं खरंही असू शकतं. अशा वेळी उधारी न ठेवता बँक ट्रान्सफर मागायचा.

आयएमपीएसवरून ५ लाखांपर्यंत रक्कम लगेच येते. आरटीजीएस २ लाख आणि त्याच्या वरच्या रकमेसाठी आहे, तीही थोड्याच वेळात जमा होते. एनईएफटीला कमीत कमी रकमेची अट नाही, पण तिचे व्यवहार दर अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यात होतात, म्हणून जमा व्हायला तास-दोन तास लागू शकतात. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू असते. म्हणजे "उद्या रविवार आहे, पैसे सोमवारी दिसतील, वस्तू आज द्या" हे कारण चालत नाही.

या मार्गासाठी गिऱ्हाईकाला फक्त तीन गोष्टी लागतात: खात्यावरचं नाव, खाते नंबर आणि ११ अक्षरांचा आयएफएससी कोड. पिन, ओटीपी, एटीएम कार्डाचा नंबर यातलं काहीही पैसे पाठवायला लागत नाही. ते मागितलं की सौदा तिथेच मोडायचा.

पैसे पाठवल्यावर एक यूटीआर नंबर मिळतो. तो व्यवहाराचा नंबर असतो. लिहून घ्यायचाच, पण यूटीआर मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. खात्यात आकडा दिसला की मिळाले.

खातं कुठलं द्यायचं, हेही बघा. केवायसी पूर्ण न करता उघडलेल्या 'स्मॉल' खात्यात वर्षभरात एकूण १ लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही आणि एका वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही. आपलं खातं तसलं असेल तर आधी शाखेत जाऊन केवायसी करून घ्या, मग सौदा करा.

चेक आणि डीडी: कागद हातात, पैसे नाही

चेक हातात आला की अर्ध्या लोकांना पैसे आल्यासारखं वाटतं. चेक म्हणजे फक्त बँकेला दिलेली सूचना. समोरच्याच्या खात्यात पैसे नसतील, सही जुळली नाही, तर तो परत येतो. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. पुढची तारीख टाकलेला चेक म्हणजे सरळ उधारी.

चेक घ्यायचाच असेल तर तो बँकेत भरा, क्लिअर होऊ द्या, रक्कम खात्यात येऊन काढता येते याची खात्री करा आणि मगच वस्तू द्या. रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सलग क्लिअर करण्याची पद्धत सुरू केली आहे, त्यामुळे पूर्वीइतके दिवस थांबावं लागत नाही. तरी वस्तू देण्याआधी शाखेत एकदा विचारा.

चेक परत आला तर बँक तसा मेमो देते. तो मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत समोरच्याला लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस असतात. त्यातही दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करता येते. हा कायद्याच्या कलम १३८ चा मार्ग आहे. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बरेच जण "देईल, देईल" म्हणत हे ३० दिवस घालवतात आणि मग वकिलाकडे जातात. तसं करू नका.

डीडी चेकपेक्षा पक्का, कारण त्याचे पैसे बँकेत आधीच भरलेले असतात. पण खोटा डीडीही छापता येतो. तो ज्या शाखेचा आहे तिथे फोन करून खात्री करा, आणि तो फोन नंबर गिऱ्हाईकाकडून न घेता बँकेकडून घ्या.

रोख: दोन लाखांची रेघ लक्षात ठेवा

रोख पैसा मोजला की पक्का, पण त्यालाही दोन अटी आहेत. पहिली म्हणजे नोट खरी पाहिजे. मोठी रक्कम असेल तर गिऱ्हाईकाला आपल्या बँकेच्या शाखेत बोलवा. तिथेच मशीनवर मोजून खात्यात भरा. दोन हजारांच्या नोटा रिझर्व्ह बँकेने मे २०२३ मध्ये चलनातून मागे घेतल्या. त्या आता गावच्या शाखेत बदलून मिळत नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या ठराविक कार्यालयांतच जावं लागतं. कोणी स्वस्तात गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

दुसरी अट आयकर कायद्याची. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच सौद्यापोटी, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. तीन लाखांच्या ट्रॅक्टरचे दीड-दीड लाख दोन दिवसांत रोख घेतले, तरी सौदा एकच धरला जातो. आणि दंड देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला होतो, तोही घेतलेल्या रकमेइतका. म्हणून मोठ्या सौद्यात थोडी रोख आणि बाकी बँकेतून, असंच ठरवा.

मधला माणूस: दोघांनाही फसवणारी चाल

ट्रॅक्टर, जीप, फटफटी विकणाऱ्यांनी ही चाल नीट समजून घ्यावी, कारण यात विकणारा आणि घेणारा दोघेही खरे असतात.

चोर तुमची जाहिरात बघतो. तुम्हाला फोन करतो: "गाडी मला पसंत आहे, माझा मेहुणा बघायला येईल. त्याच्यापुढे किमतीचं बोलू नका, आमचं घरचं प्रकरण आहे." तुमचेच फोटो वापरून तो दुसरी जाहिरात टाकतो, स्वस्त भावाची. त्या जाहिरातीवर खरं गिऱ्हाईक येतं. त्याला चोर सांगतो: "गाडी माझ्या भावाकडे आहे. जाऊन बघा, पण पैशाचं माझ्याशी बोला." गिऱ्हाईक तुमच्या वस्तीवर येतं, गाडी चालवून बघतं आणि पैसे चोराच्या खात्यात टाकतं. मग ते म्हणतं, "पैसे दिले, चावी द्या." तुम्ही म्हणता, "मला मिळालेच नाहीत." चोराचा फोन बंद. दारात दोन भली माणसं भांडत बसतात.

यावर उपाय साधा आहे. दारात आलेल्या माणसाला तोंडावर विचारायचं: "तुम्ही कोण? किंमत किती ठरली? पैसे कोणाच्या नावावर टाकणार?" "किमतीचं बोलू नका" असं जो सांगतो, त्याच्यासाठी तर आधी किमतीचंच बोलायचं.

तिसऱ्याच्या खात्यातून आलेला पैसा

पैसे आले, पक्के झाले, वस्तू गेली. महिन्याने बँकेतून कळतं की खात्यावर होल्ड लागला आहे. कारण काय, तर ज्या खात्यातून पैसे आले ते कुणाला तरी फसवून घेतलेले होते. त्या माणसाने सायबर पोलिसांकडे तक्रार केली आणि पैसा जिथे जिथे फिरला, तिथे रक्कम अडवली गेली. तुम्ही प्रामाणिकपणे मोटर विकली, तरी पैसे अडकतात. त्याच खात्यात पीकविमा, अनुदान, दुधाचं बिल येत असेल तर सगळं घर अडचणीत येतं.

म्हणून तीन गोष्टी करा. घेणाऱ्याचं नाव आणि पैसे आलेल्या खात्याचं नाव एकच असू द्या. "मित्राच्या खात्यातून" आले तर त्या मित्राशी बोला, कारण विचारा, पटलं नाही तर नको म्हणा. दुसरं, विक्रीची साधी पावती करा: तारीख, वस्तू, किंमत, दोघांची नावं-पत्ते, यूटीआर नंबर, दोघांच्या सह्या, शक्य असेल तर दोन साक्षीदार. जाहिरातीचा फोटो आणि व्हॉट्सॲपचं बोलणं पुसू नका. होल्ड लागला तर शाखेतून तक्रारीचा नंबर आणि पोलीस ठाण्याचं नाव घेऊन हेच पुरावे दाखवावे लागतात. तिसरं, नेहमी ऑनलाइन विकत असाल तर त्यासाठी वेगळं बचत खातं ठेवा. अनुदानाचं खातं यात गुंतवू नका.

"बाकीचे नंतर देतो"

इसार घेणं चुकीचं नाही. पण इसारावर वस्तू जात नाही, फक्त थांबते. किती दिवस थांबणार आणि सौदा मोडला तर इसाराचं काय, हे लिहून ठेवा. गाडी असेल तर नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर पूर्ण पैसे आल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या फॉर्मवर तर कधीच नको. गाडी तुमच्या नावावर असेपर्यंत दंड आणि अपघाताची भानगड तुमच्याच दारात येते.

फसवणूक झालीच तर

लाज वाटून गप्प बसणं हेच सगळ्यात महाग पडतं. पैसे गेल्याचं कळताच १९३० या नंबरवर फोन करा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवत असतो. तो काढून घेण्याआधी तक्रार पोहोचली तर रक्कम अडवता येते. त्यामुळे पहिला तास महत्त्वाचा.

सोबत आपल्या बँकेला कळवा आणि खातं, यूपीआय बंद करायला सांगा. तुमची चूक नसताना बाहेरच्याने पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. पण पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्यालाच सोसावं लागतं. "मदत करतो" म्हणून एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं ॲप किंवा व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल कोणी टाकायला सांगितली, तर टाकू नका.

वस्तू देण्याआधी एवढं बघा

• पैसे माझ्या मोबाइलमध्ये, माझ्या खात्यात, माझ्या डोळ्यांनी दिसले का?
• मी पिन टाकला नाही, कोड स्कॅन केला नाही, ओटीपी सांगितला नाही ना?
• चेक असेल तर तो क्लिअर झाला का?
• रोख २ लाखांच्या आत आहे का?
• पैसे देणारा आणि वस्तू नेणारा एकच आहे का?
• पावती झाली का, सह्या झाल्या का?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर अडत असेल, तर वस्तू आणखी एक रात्र आपल्या गोठ्यात राहिली तरी बिघडत नाही. घरात मोबाइल वापरणारी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं असतील, तर पिनची गोष्ट त्यांनाही आज संध्याकाळी सांगा. जाहिरातीवर नंबर कुणाचाही असो, फोन बऱ्याचदा तेच उचलतात.